फर्नचं खतपाणी: घरातल्या कुंडीला किती, बाहेरच्या वाफ्याला किती?

ओली_माती

नमस्कार मंडळी. फर्नच्या खताबद्दल इथे सुटे सुटे प्रतिसाद बरेच सापडले, पण एका जागी काहीच नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्याकडे दोन ठिकाणी फर्न आहेत. घरात एक बॉस्टन फर्न, खिडकीपासून हातभर आत, सहा इंची टांगत्या कुंडीत. आणि बाहेर भिंतीच्या सावलीत जमिनीतच लावलेले सात-आठ नेचे. बाहेरच्यांना मी आजवर काही म्हणजे काही घातलेलं नाही. वरच्या झाडाचा पाचोळा पडतो तो झाडून काढत नाही, एवढंच. ते दर हंगामात रुंद होत चाललेत.

घरातल्याचे मात्र लाड केले. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ ही रासायनिक पावडर (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, तिन्ही सारखी), लिटरला दोन ग्रॅम. शिवाय महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. गेले दोन महिने त्याच्या पानांची टोकं तपकिरी होतायत आणि आतली पानं पिवळी पडून झडतायत. उपाशी आहे असं समजून मागच्या दोन वेळा खत थोडं वाढवलं. त्यानंतर नव्या पानांच्या गुंडाळ्या उलगडायच्या आधीच काळ्या पडल्या.

ज्याला काही दिलं नाही तो फोफावतोय आणि ज्याला दिलं तो वाळतोय, हे मला नीट समजून घ्यायचंय. त्याला नक्की काय कमी पडतंय?

कुंडीतलं_रान

ताई, कमी काही पडत नाहीये, जास्त झालंय. मातीवर किंवा कुंडीच्या आतल्या काठाला पांढरट थर दिसतो का? निचऱ्याच्या भोकांभोवतीही बघा. असेल तर नखाने खरवडून इथे सांगा, मग पुढचं लिहितो.

ओली_माती

आत्ताच बघून आले. काठाला आतून पांढरी-पिवळट खर आहे, नखाने पापुद्र्यासारखी निघते. भोकांपाशी तर चांगला जाड थर आहे. मी इतके दिवस ते पाण्याचे डाग समजत होते.

कुंडीतलं_रान

मग उत्तर तिथेच आहे. झाडाने न उचललेलं खत आणि पाण्यातले क्षार मिळून ती खर तयार होते.

फर्नची मुळं कधी जवळून बघितलीत का? जाड मूळ एकही सापडत नाही. केसांच्या गुंत्यासारखा काळपट तपकिरी गोळा असतो, टोकं तेवढी फिकट, आणि बहुतेक पसारा वरच्या चार-पाच बोटांत. (रंग काळा म्हणून मुळं कुजली असं समजू नका. चिमटीत धरा. तारेसारखी ताठ लागली तर ती निरोगी आहेत, साल सुटून हातात आली आणि कुबट वास आला तर कुजलेली.) अशा नाजूक मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की त्यांना पाणी ओढता येत नाही. फार वाढले तर मुळांतलंच पाणी बाहेर खेचलं जातं. माती ओली आणि झाड तहानलेलं, अशी अवस्था होते. पानाचं टोक हा पाण्याच्या वाटेचा शेवट. तिथून पाणी उडून जातं आणि विरघळलेला क्षार मागे साचतो, म्हणून करपायला सुरुवात टोकापासून. कोवळ्या गुंडाळीत तर अजून काहीच ताकद नसते, तिला हा ताण अजिबात झेपत नाही.

आता हिशेब बघा. लिटरला दोन ग्रॅम, महिन्यातून दोनदा. मी घरातल्या फर्नला लिटरला अर्धा ग्रॅम देतो, महिन्यातून एकदा, तेही नवी पानं येत असतील तरच. म्हणजे तुमचं खत माझ्या आठपट होतंय आणि गांडूळखत वेगळंच. पाकिटावरचं प्रमाण भराभर वाढणाऱ्या, भरपूर उन्हातल्या झाडांसाठी असतं. फर्नला त्याच्या निम्मं ही कमाल मर्यादा धरा, पाव हे रोजच्या व्यवहारातलं प्रमाण.

आज करायचं ते असं. टांगती कुंडी न्हाणीघरात उतरवा. सहा इंची कुंडीत अंदाजे दीड-दोन लिटर मिश्रण मावतं, त्याच्या दुप्पट-तिप्पट म्हणजे चार-पाच लिटर साधं पाणी तिच्यातून जाऊ द्या. एकदम ओतू नका. थोडं ओता, निथळू द्या, अर्ध्या तासाने पुन्हा. पहिल्या वेळेला साचलेला क्षार नुसता विरघळतो, पुढच्या वेळांना वाहून जातो. खालच्या बशीत साठलेलं पाणी लगेच फेकायचं, नाहीतर तेच पुन्हा वर शोषलं जाईल. वरची खर आधी हलक्या हाताने काढून टाका. करपलेली टोकं परत हिरवी होणार नाहीत, ती तशीच राहतील. बघायचं ते नव्या पानांकडे. दोन-तीन नवी पानं पूर्ण उलगडेपर्यंत खताचं नाव काढू नका.

ओली_माती

आठपट! हे वाचून खरंच वाईट वाटलं. आज संध्याकाळीच धुते. खूप आभार, दादा.

रानवाटा

बाहेरच्या नेच्यांबद्दल मी लिहितो, कारण माझी सगळी हयात सावलीतल्या वाफ्यात गेली आहे.

तुम्ही म्हणता बाहेरच्यांना काही दिलं नाही. दिलंत ना. पाचोळा राहू दिलात. रानात नेच्याचं पोट त्याच्यावरच चालतं. पान पडतं, बुरशी आणि किडे ते कुरतडतात, पाऊस त्यातलं थोडं थोडं खाली नेतो. एकदम मोठा घास कधीच येत नाही, पण ताट कधी रिकामंही नसतं. बहुतेक नेच्यांच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते. ती बुरशी दूरवरचं स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. वरून भरमसाट स्फुरद टाकलं की झाडाला बुरशीची गरज वाटत नाही आणि ती भागीदारी मोडते. त्यामुळे 'फुलं भरपूर येतील' असं लिहिलेली जास्त स्फुरदाची खतं नेच्यांना घालण्यात अर्थच नाही. नेच्याला फूल येत नाही, बी येत नाही. हाडांच्या चुऱ्याचंही तेच.

माझी पद्धत साधी आहे. नवे कोंब डोकं वर काढायच्या सुमाराला, वर्षातून एकदा, कुजून काळा भुसभुशीत झालेला पाचोळा दोन-तीन बोटं जाडीचा पसरतो. 'कुजलेला' म्हणजे मुठीत दाबला तर पानाचा आकार ओळखू येत नाही आणि वास पावसानंतरच्या रानासारखा येतो, असा. तो नसेल तर चाळलेलं कंपोस्ट. एक पथ्य कटाक्षाने पाळा: नेच्याचा पोंगा, जिथून गुंडाळ्या निघतात तो गाभा, झाकायचा नाही. वरून खत-माती चढली की तो कुजतो. ज्यांची खोडं जमिनीच्या पृष्ठभागावरून सरपटतात त्या जातींनाही पुरू नका.

जमीन फार वाळूची असेल, किंवा शेजारच्या मोठ्या झाडाची मुळं वरवर पसरून सगळं शोषून घेत असतील, तर पाचोळ्यानेही भागत नाही. तेव्हा हळूहळू सुटणाऱ्या खताच्या थोड्या गोळ्या, पाकिटावरच्या निम्म्या, मातीत मिसळा. ताजा भुसा किंवा लाकडाचे बारीक तुकडे मात्र मातीत कालवू नका. ते कुजताना जंतू मातीतलंच नत्र वापरतात आणि नेचे फिके पडतात. वरून आच्छादन म्हणून घातले तर एवढं बिघडत नाही.

पानोपानी

+१. रानवाटा काका, तुमचा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

एक भर: बाहेर *कुंडीत* असलेले फर्न हा तिसरा प्रकार आहे. त्यांना जमिनीचा साठा नाही आणि पावसाने खत धुऊनही जातं. माझ्या बाहेरच्या कुंड्यांना मी वाढीच्या दिवसांत दर तीन आठवड्यांनी पाव मात्रा देते, घरातल्यांना पाच-सहा आठवड्यांनी. घरात उजेड कमी, वाढ कमी, म्हणून भूकही कमी. उजेड अपुरा असताना खत वाढवून काही होत नाही, ते मातीतच पडून राहतं.

सेंद्रिय_सखी

मला मुळात एक विचारायचंय. रासायनिक पावडर हवीच कशाला? मी गेली कित्येक वर्षं फक्त गांडूळखत, गांडूळपाणी आणि अधूनमधून माशांचं द्रवखत वापरते. एकाही फर्नचं टोक करपलेलं नाही. रानवाटांनीही पाचोळ्याचंच सांगितलं. मग कुंडीसाठी वेगळा नियम का?

कुंडीतलं_रान

सखीताई, तुमची झाडं चांगली आहेत तर काहीच बदलू नका. माझा आग्रह पावडरीचा नाही, कमी देण्याचा आहे. पण 'सेंद्रिय म्हणजे कितीही घाला' हे खरं नाही. गांडूळखतातही क्षार असतात आणि कच्चं शेणखत किंवा कोंबडीखत तर फर्नची मुळं सरळ जाळतं.

जमीन आणि कुंडी यांत मोठा फरक हा की सेंद्रिय खतातलं नत्र झाडाला मिळण्याआधी जंतूंनी ते फोडावं लागतं. त्यासाठी ऊब हवी, हवा हवी. थंड, चिंब भिजलेल्या, हवा न खेळणाऱ्या कुंडीत ते काम रेंगाळतं. अमोनियाचं नायट्रेट होत नाही आणि अमोनिया साठत जाऊन मुळांना बाधतो. युरिया आणि अमोनियाचं प्रमाण जास्त असलेल्या पावडरींनाही हाच नियम लागू आहे. पाकिटावर नत्र कुठल्या रूपात आहे ते लिहिलेलं असतं. थंडीच्या दिवसांत घरातल्या कुंडीला द्यायचंच असेल तर नायट्रेट जास्त असलेलं बघून घ्या. खरं तर वाढ थांबलेली असताना न देणंच उत्तम.

सेंद्रिय_सखी

अमोनियाचा मुद्दा पटला, हे माहीत नव्हतं. थंडीत माझ्या घरातल्या कुंड्यांवर चिलटं येतात, त्याचं कारणही हेच असावं, ओल्या मातीवर न कुजता पडलेलं खत. यंदा त्या दिवसांत बंद ठेवून बघते.

तरी माझ्या अनुभवाचं एक लिहिते, कुणाला उपयोग होईल. गांडूळपाणी एकास दहा पातळ करते, फिक्या चहाच्या रंगाइतकं. त्याहून गडद नाही. माशांचं खत बाहेरच्यांनाच, घरात वास दोन दिवस जात नाही. समुद्रशैवालाचा अर्क बरेच जण खत म्हणून देतात, पण त्यात नत्र नगण्य असतं. तो पूरक आहे, जेवण नव्हे.

हिरवा_कोपरा

मध्येच विचारतेय. माझा हंसराज (बारीक काळ्या चकचकीत देठांचा) सारखा वाळतो. कुणीतरी सांगितलं म्हणून पानांवर खताचा फवारा मारला, तर दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा कागदासारख्या. त्याला वेगळं काही लागतं का?

पानोपानी

हंसराजाच्या पानावर पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखा गोळा होतो आणि घरंगळून जातो, पान कोरडंच. त्याचं शास्त्रीय नाव अडियँटम, तेही ग्रीकमधल्या 'न भिजणारा' या शब्दावरून आलंय. म्हणजे फवाऱ्यातलं खत पानात शिरायची शक्यता कमीच, आणि जे कडेला थबकून सुकतं ते भाजतं. पानं इतकी पातळ की त्यांना ते सहन होत नाही. पानावाटे खत द्यायचंच असेल तर जाड पानांच्या, झाडांवर वाढणाऱ्या जातींना द्या, तेही पावपेक्षा कमी.

आता तो वाळलाय तर सगळी वाळकी पानं मुळापासून कापा, माती ओलसर ठेवा, हवेत दमटपणा राहील असं बघा आणि खत देऊ नका. मुळं जिवंत असली तर काही आठवड्यांत काळे दोरे वर येतील. ते उलगडले की मग पाव मात्रा. आणखी एक, बहुतेक फर्नना किंचित आम्लधर्मी माती लागते, पीएच साडेपाच ते साडेसहा. पण साधा हंसराज चुनखडीच्या पाझरत्या कड्यांवर उगवणारा आहे, त्याला थोडा चुना चालतो. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या) अगदी आम्ल मिश्रणात तो कुढत असेल तर हेही कारण असू शकतं.

जुनी_भिंत

चुन्यावरून आठवलं. आमच्या जुन्या चुन्याच्या भिंतीच्या फटीत लांब पट्ट्यांसारख्या पानांचा नेचा आपोआप आलाय. शोधल्यावर टेरिस व्हिटाटा असल्याचं कळलं. भिंतीत माती नाहीच, मग त्याला खायला घालू का?

रानवाटा

काही घालू नका. त्याला चुना हवा असतो आणि तो भिंतीत भरपूर आहे. बाकीचं धुळीतून आणि पावसातून मिळतं.

अवांतर, पण सांगण्याजोगं: हा नेचा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, इतकं की २००१ साली हे लक्षात आल्यावर दूषित जमिनी स्वच्छ करण्यासाठी तो लावून बघायला सुरुवात झाली. म्हणून जुन्या कारखान्याच्या किंवा रंग-औषधांच्या साठ्याच्या जागेवर तो उगवला असेल तर त्याची पानं कंपोस्टात टाकू नयेत. साध्या भिंतीवरच्या झाडाची काळजी नको.

टांगती_बाग

हरणाच्या शिंगांसारख्या पानांच्या फर्नबद्दल (प्लॅटिसेरियम) कुणीच लिहिलं नाही. फळीवर बांधलेला आहे. त्याच्यामागे केळ्याची सालं खोचावीत असं सगळीकडे वाचलं. खरं आहे का?

कुंडीतलं_रान

पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागे निरीक्षणही आहे. या फर्नला दोन तऱ्हेची पानं असतात. खोडाला चिकटलेली ढालीसारखी पानं वर उघडी असतात, त्यांच्यात पाचोळा अडकतो आणि तिथेच कुजून त्याचं खत होतं. ढाल तपकिरी झाली की पुष्कळ जण ती वाळकी समजून काढतात. कृपया काढू नका, ते त्याचं ताट आहे.

केळ्याच्या सालीत पालाश असतं, नत्र फार थोडं. पानांच्या वाढीला नत्र लागतं, म्हणजे नुसत्या सालीवर भागणार नाही. घरात साल कुजताना किडे येतात ते वेगळं. मी ढालीच्या मागे शेवाळात हळूहळू सुटणाऱ्या खताच्या आठ-दहा गोळ्या ठेवतो, हंगामात एकदा. किंवा महिन्यातून एकदा फळीसकट पाव मात्रेच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून काढतो.

पक्ष्याच्या घरट्यासारखा वाढणारा अस्प्लेनियमही निसर्गात असाच पाचोळा गोळा करतो. पण घरात त्याच्या मधल्या खोबणीत खताचं पाणी ओतू नका. तिथे हवा खेळत नाही, पाणी साचलं की गाभा सडतो. कडेने मातीत द्या.

नवा_कोंब

मी अगदी नवीन आहे. कालच एक फर्न आणलं. मातीत पिवळसर गोल गोल मण्यांसारखं काहीतरी आहे, बोटाने दाबलं तर फुटून पाणी येतं. गोगलगाईची अंडी आहेत का? आणि पानाखाली तपकिरी ठिपक्यांच्या रांगा आहेत. कीड समजून चार पानं कापली.

पानोपानी

मणी म्हणजे हळूहळू सुटणारं खत, ते रोपवाटिकेतच घालतात. काढू नका, पण ते आहेत तोवर दुसरं काही देऊही नका. दोन-तीन महिने निश्चिंत राहा. या गोळ्यांवर 'तीन-चार महिने' असं लिहिलेलं असतं ते साधारण २१ अंश तापमानाला धरून. जास्त उष्ण जागेत खत त्याहून लवकर सुटतं, म्हणून तापलेल्या गच्चीवर निम्म्याच गोळ्या घालाव्यात.

आणि पानाखालचे ठिपके म्हणजे बीजाणूंचे (ज्यांपासून नवे फर्न उगवतात त्या बारीक कणांचे) पुंजके. एकसारख्या अंतरावर, नक्षी काढल्यासारखे असतात. खवले कीड वेडीवाकडी बसते, देठावरही असते, नखाने अख्खी सुटते आणि पान चिकट करते. पुढच्या वेळी कापण्याआधी नखाने एक ठिपका खरवडा, भुकटी निघाली तर बीजाणू.

नवा_कोंब

भुकटीच निघतेय. आता एकही पान कापणार नाही. खूप धन्यवाद.

हिरवा_कोपरा

पिवळेपणाबद्दलही कुणीतरी सविस्तर लिहा ना. कधी खत कमी, कधी जास्त, ओळखायचं कसं?

कुंडीतलं_रान

पहिला प्रश्न: पिवळं जुनं पान आहे की नवं? नत्र झाडाच्या आत इकडून तिकडे जाऊ शकतं. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून *जुनी* पानं सगळीकडून सारखी फिकट होतात आणि नवी पानं लहान येतात. ही खरी भूक. मॅग्नेशियमही असंच हलतं, पण त्यात जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोह हलत नाही. ते कमी पडलं की *नवीच* पानं पिवळट-पांढुरकी उलगडतात, शिरा तेवढ्या हिरव्या.

नवी पानं फिकी आली की खत वाढवायचा मोह होतो, पण बहुतेक वेळा लोह मातीत असतंच. जड (चुन्यासारखे क्षार जास्त असलेलं) पाणी वर्षानुवर्षं घातल्याने मातीचा पीएच चढलेला असतो आणि लोह मुळांना मिळत नाही. पावसाचं पाणी साठवून घातलंत तर अर्धा प्रश्न सुटतो. चिलेटेड लोह (मुळांना मिळत राहील असं बांधून ठेवलेलं) वापरणार असाल तर पाकिटावर रूप बघा: ईडीटीए रूपातलं पीएच साडेसहाच्या आसपासपर्यंत टिकतं, माती त्याहून अल्कधर्मी असेल तर ईडीडीएचए रूपातलं घ्या.

नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेल्यांनी हे लक्षात ठेवा: न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पालाश भरपूर असतात आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं. झाड पिवळं दिसतं आणि आपण खत वाढवत राहतो. वापरण्याआधी तीन-चार पाण्यांनी धुवा. मॅग्नेशियम सल्फेटची चिमूट मात्र लक्षणं दिसली तरच. 'पानं हिरवीगार होतात' म्हणून दर महिन्याला घालू नका, जादा मॅग्नेशियम कॅल्शियमला अडवतं.

टोकं करपलीयत, पण खर नाही आणि बाकी पान हिरवं आहे? मग बहुधा हवा कोरडी आहे, किंवा मधूनच माती पूर्ण सुकलीय. त्याला खत हा उपाय नाही.

काचेतलं_रान

माझे फर्न बंद काचेच्या बरणीत आहेत. त्यांना किती द्यावं?

रानवाटा

जवळजवळ काहीच नाही. काचेच्या पेटीची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरांनी १८२९ साली पतंगाचा कोष बघण्यासाठी ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला होता. त्यांच्या बागेतले नेचे शहराच्या धुराने मरत होते आणि या बाटलीत मात्र एक नेचा आणि गवताचं एक पातं आपणहून उगवलं. ते जवळपास चार वर्षं बाटलीत जगले, वरून पाणी न घालता. त्यावरूनच वॉर्डची पेटी निघाली आणि पुढे जहाजांतून झाडं जिवंत नेता येऊ लागली.

बरणीत निचरा नाही, म्हणजे दिलेला क्षार बाहेर पडायला वाट नाही. शिवाय वाढ झाली तर तुम्हालाच छाटत बसावं लागेल. वर्ष-दीड वर्षाने जुनी पानं सगळीच फिकी दिसली तर अष्टमांश मात्रेचं पाणी, नेहमीच्या पाण्याऐवजी, एकदाच.

ओली_माती

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं आहे.

कुंडी धुतली त्याला सात आठवडे झाले. पहिल्या वेळी खालून निघालेलं पाणी गढूळ चहासारखं होतं, चौथ्या वेळी जवळजवळ स्वच्छ. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही, उलट आणखी पानं झडली आणि मी रोज सकाळी पोंग्यात वाकून बघत होते. चौथ्या आठवड्यात करड्या लवेतून हिरव्या मुठी दिसल्या, मोजल्या तर अकरा. त्यातल्या नऊ पूर्ण उलगडल्या आहेत, टोकापर्यंत हिरव्या. एकही काळी पडली नाही.

आता परवा पहिल्यांदा खत द्यायचंय. अर्धा ग्रॅम मोजायला माझ्याकडे काटा नाही. चमच्याने अंदाज धरला तर परत चूक होईल अशी भीती वाटते.

कुंडीतलं_रान

अकरा कोंब वाचून फार बरं वाटलं!

काट्याची गरज नाही. सपाट केलेला एक छोटा चमचा म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम. तो एक लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरा, वर ठळक चिठ्ठी लावा आणि अंधारात, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. देताना यातलं शंभर मिली घ्या आणि साधं पाणी घालून एक लिटर करा. झाला लिटरला अर्धा ग्रॅम. चमचा थोडा इकडेतिकडे झाला तरी इतक्या पातळ पाण्यात फरक पडत नाही. आदल्या दिवशी साधं पाणी द्या, कोरड्या मुळांवर खत नको. आणि दर तिसऱ्या-चौथ्या महिन्याला एकदा कुंडी अशीच धुवा, खर दिसायची वाट बघू नका.

ओली_माती

बाटली भरली, चिठ्ठी लावली. घातलेलं गांडूळखत वरवर खरवडून काढलंय, ते बाहेरच्या नेच्यांच्या कडेने पसरू का, पोंगे सोडून?

रानवाटा

पसरा. एवढं त्यांना सहज पचेल. वर पाचोळ्याचा हलका थर द्या, म्हणजे उन्हाने सुकणार नाही.